मेसेजमधलं औषध आणि बाबांचा रिपोर्ट

अगं, तुझ्या आत्याने पाठवलेला तो मेसेज तू किती वेळा वाचलास हे मी विचारत नाही. 'कॅन्सरवर औषध सापडलं, सगळेच्या सगळे पेशंट बरे!' बाबांच्या रेक्टमच्या कॅन्सरचं निदान अजून ताजं, आई देवापुढे बसलेली, भाऊ पुण्याहून फोनवर फोन करतोय, आणि त्यात हे. कुणालाही वाटेल की पैसे जमवावेत आणि कुठूनही ते औषध आणावं. तू भोळी नाहीस गं, दमलेली आहेस. म्हणून आज मी जरा मोठेपणा गाजवणार आहे, ऐकून घे. औषधाचा पुरावा तपासायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. चार-पाच प्रश्न नीट विचारले की पुष्कळ कळतं, आणि ते तुला नक्की विचारता येतील.

पहिल्यांदा हे ऐक, की तो मेसेज साफ खोटा नाही. औषधाचं नाव दोस्तार्लिमॅब. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये आंद्रेया सेर्सेक आणि लुइस डियाझ या डॉक्टरांच्या चमूने त्याची चाचणी घेतली आणि जून 2022 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध, असे सहा महिने. उपचार पूर्ण झालेल्या 12 जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. बाराच्या बारा! ऑपरेशन करावं लागलं नाही, रेडिएशन नाही, केमो नाही. जगभरच्या डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, ते उगाच नाही.

पण बघ, मेसेज पुढे ढकलता ढकलता त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य गळून गेलं. त्या सगळ्यांच्या गाठी एका विशिष्ट जातीच्या होत्या. पेशीची वाढ होताना डीएनएची नक्कल होते, त्यात चुका राहतात आणि त्या दुरुस्त करणारी काही प्रथिनं आपल्या शरीरात असतात. या दुरुस्तीला 'मिसमॅच रिपेअर' म्हणतात. या लोकांच्या गाठींत ती दुरुस्तीच बंद पडलेली होती. अशा गाठीत चुकांचा ढीग साचतो, त्यामुळे प्रतिकारशक्तीला ती परकी म्हणून ओळखता येते. मात्र प्रतिकारशक्तीच्या पेशींवर पीडी-1 नावाचं प्रथिन असतं, त्याचा फायदा घेऊन गाठ त्यांना गप्प बसवते. दोस्तार्लिमॅब त्या प्रथिनाला अडवतं आणि पेशी पुन्हा कामाला लागतात. रेक्टमच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांच्या असतात. बाकीच्यांसाठी ती बातमी नव्हतीच. दुसरीच्या मापाचा ब्लाउज कितीही सुरेख शिवलेला असो, तो आपल्याला होईल असं नाही ना!

म्हणून पहिला प्रश्न हा: ज्यांच्यावर चाचणी झाली ते लोक बाबांसारखे होते का? कॅन्सर त्याच अवयवाचा, त्याच टप्प्यावरचा, त्याच जातीचा? त्या चाचणीत दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातले रुग्ण होते, म्हणजे गाठ दूरच्या अवयवांत पोचलेली नव्हती.

आणि इथे तुझ्या हातात करण्यासारखं काहीतरी आहे. बाबांच्या बायॉप्सीचा ब्लॉक लॅबमध्ये ठेवलेला असतो. त्याच ब्लॉकवर एमएमआरची, म्हणजे मिसमॅच रिपेअरची तपासणी करता येते, म्हणजे एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2 आणि एमएसएच6 ही चार प्रथिनं गाठीत आहेत का ते बघतात. बाबांना पुन्हा टोचावं लागत नाही. कदाचित ती झालेलीही असेल, रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर कुठेतरी. डॉक्टरांना सरळ विचार, 'बाबांचं एमएमआर स्टेटस काय आहे?' त्यात कमतरता निघाली तर इम्युनोथेरपीबद्दल गंभीरपणे बोलायचं, आणि शिवाय हा दोष घराण्यात चालत आलेला आहे का हेही विचारायचं. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तो असला तर तुझी आणि भावाचीही तपासणी करावी लागेल. आणि कमतरता नसली, तर हे औषध एकटं बाबांच्या उपयोगाचं नाही. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. केमो, रेडिएशन आणि ऑपरेशन या चालत आलेल्या उपचारांमागे हजारो पेशंटांचा पुरावा आहे. ते जुने आहेत म्हणून कमी दर्जाचे नाहीत.

दुसरा प्रश्न: किती जण होते, आणि त्यांच्यावर किती दिवस लक्ष ठेवलं? बारा जणांत काहीतरी फार मोठं घडतंय एवढं कळतं, पण पाच वर्षांनी काय होईल ते कळत नाही. डॉक्टर मंडळी तेव्हा सावध बोलत होती ती याचसाठी. पुढे 2025 मध्ये त्याच चमूने मोठा अहवाल दिला. रेक्टमच्या 49 जणांनी उपचार पूर्ण केले आणि 49 जणांची गाठ दिसेनाशी झाली. त्याच जातीची गाठ पण पोट, मोठं आतडं अशा इतर अवयवांत असलेल्या 54 जणांपैकी मात्र 35 जणांचीच पूर्ण गेली. म्हणजे जात तीच, पण अवयव बदलला की आकडा बदलला. उत्तम औषधाच्या बाबतीतसुद्धा ही गत, मग बाकीच्यांचं काय बोलावं?

आता तिसरा प्रश्न, आणि हा लोक हमखास विसरतात: कशाशी तुलना केली? 1990च्या दशकात अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांना प्रचंड डोसची केमो द्यायचे आणि मग त्यांच्याच काढून ठेवलेल्या मूळ पेशी परत चढवायचे. सुरुवातीचे आकडे इतके छान होते की हजारो बायकांनी हा उपचार घेतला, विमा कंपन्यांना कोर्टात खेचलं. पण त्या सुरुवातीच्या अभ्यासांत निवडलेल्या बायका मुळातच तरुण आणि तब्येतीने बऱ्या होत्या. त्या साध्या केमोनेही जास्त जगल्या असत्या, हे कुणी तपासलंच नव्हतं. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून चाचण्या झाल्या. 1999 मध्ये निकाल मांडले गेले तेव्हा बहुतेकांत या भयंकर उपचाराने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. ठळक फायदा दाखवणारा एक अभ्यास दक्षिण आफ्रिकेतल्या वर्नर बेझवोडा या डॉक्टरांचा होता, आणि आपण निष्कर्ष चुकीचे मांडले असं त्यांना 2000 मध्ये कबूल करावं लागलं. त्या बायकांनी किती सोसलं असेल, विचार कर.

अशी तुलना चांगली केली की काय हाती लागतं, त्याचं आपल्या परळचं उदाहरण देते. टाटा मेमोरियलमध्ये तोंड-घशाच्या, पूर्ण बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या कॅन्सरच्या 151 पेशंटांचे दोन गट पाडले. एका गटाला तीन औषधांच्या गोळ्या. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि जोडीला निव्होलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं औषध, पण फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. वर्षभराने पहिल्या गटातले शंभरातले साधारण 16 जण हयात होते, दुसऱ्यातले 43. हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. खरं सांगू का, मला पुराव्याचं हे रूप फार आवडतं. दोन्ही गट सारखे, मोजलं ते माणूस जगला का हेच, आणि औषध आपल्या खिशाला झेपेल अशा बेताने वापरलेलं.

'जगला का' हे मी मुद्दाम म्हटलं, कारण चौथा प्रश्न तोच आहे: मोजलं काय? बातमीत 'गाठ कमी झाली' असतं, 'आजार थांबला' असतं. आपण त्याचा अर्थ 'माणूस वाचला' असा लावतो. तसं दर वेळी नसतं गं. बेव्हॅसिझुमॅब म्हणजे अव्हॅस्टिन या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने 2008 मध्ये पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी घाईची मान्यता दिली. ज्या चाचणीवरून दिली तिच्यात आजार पुढे न सरकण्याचा काळ साधारण सहा महिन्यांवरून जवळजवळ बारा महिन्यांवर गेला होता. केवढा फरक वाटतो! पण बायका एकूण किती जगल्या ते बघितलं तर ठोस फरक नव्हता. पुढच्या चाचण्यांत तो सहा महिन्यांचा फायदाही आक्रसला. रक्तदाब वाढणं, रक्तस्राव, क्वचित आतड्याला भोक पडणं हे त्रास मात्र खरे होते. नोव्हेंबर 2011 मध्ये एफडीएने त्या वापराची मान्यता काढून घेतली. तेच औषध मोठ्या आतड्याच्या आणि इतर काही कॅन्सरमध्ये आजही वापरतात, कारण तिथला पुरावा वेगळा आहे. तेव्हा डॉक्टरांना विचार, 'यानं बाबा जास्त जगतील की नुसता स्कॅन चांगला दिसेल? आणि जगतील ते दिवस कसे असतील?' हा प्रश्न विचारायला लाजू नकोस. चांगले डॉक्टर यावर रागावत नाहीत.

टक्क्यांनाही भुलू नकोस. 'धोका 50 टक्क्यांनी कमी' असं छापलेलं असतं. समज, शंभरातल्या 40 जणांचा आजार परत येत होता तो 20 जणांवर आला, तेही 50 टक्के. आणि 4 जणांचा येत होता तो 2 जणांवर आला, तेही 50 टक्केच. तू फक्त एवढं म्हण, 'शंभर जणांत किती, ते सांगा.' दूधवाल्याच्या हिशेबात दर महिन्याला गंडणारी मी, मलासुद्धा हे कळलं, मग तुला न कळायला काय झालं!

आणि उंदरांचं काय? 2024च्या फेब्रुवारीत टाटातल्या संशोधकांच्या शंभर रुपयांच्या गोळीची बातमी सगळ्या घरांत पोचली होती, आठवतं? तांबं आणि रेस्व्हेराट्रॉल यांची ती गोळी, कॅन्सर परत येऊ देत नाही म्हणे. पण कॅन्सर परत न येण्याबद्दलचं काम उंदरांवर झालेलं होतं, माणसांवर ते सिद्ध व्हायला अजून वर्षं लागतील, असं संशोधकांनीच सांगितलं होतं. मथळ्यात ते मावलं नाही, आणि केमिस्टकडे जाऊन 'ती शंभरची गोळी द्या' म्हणणाऱ्यांत आपलीच माणसं होती. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत आणि उंदरात कॅन्सर मारणारी औषधं कितीतरी आहेत. त्यातली निवडक माणसापर्यंत येतात, आणि माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या कॅन्सरच्या औषधांतली शंभरातली जेमतेम पाच-सहा शेवटी मान्यता मिळवतात.

आता तुझ्या मनात काय आलं ते मला दिसतंय. 'मग ट्रायलला नाहीच म्हणायचं का?' अगं, असं कुठे म्हटलं मी! त्या न्यूयॉर्कच्या बारा जणांनी नाही म्हटलं असतं तर? ट्रायल नीट चालवलेली असेल तर तिच्यात जाणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. फक्त आत शिरताना डोळे उघडे हवेत.

पहिल्यांदा विचार, टप्पा कोणता. पहिल्या टप्प्यात मुख्यतः किती डोस झेपतो ते बघतात, बरं करण्याचं वचन त्यात नसतं. दुसऱ्यात काही परिणाम होतोय का ते बघतात. तिसऱ्यात चालू उपचाराशी तुलना करतात. 'बाबांना पिठाची गोळी देऊन फसवतील' ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये ज्याला नवं औषध मिळत नाही त्याला सहसा चालू असलेला चांगला उपचार मिळतोच. तरी दुसऱ्या गटाला काय देणार ते स्पष्ट विचारून घे.

मग नोंदणी बघ. भारतात होणाऱ्या ट्रायलची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात, म्हणजे सीटीआरआयमध्ये करावी लागते. 2009 पासून ती सक्तीची आहे आणि कुणालाही फुकट बघता येते. नोंदणी क्रमांक माग. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का विचार. संमतीपत्र मराठीत माग, घरी आणून वाच, भावाला वाचायला लाव. सही केल्यावरसुद्धा बाबा कधीही बाहेर पडू शकतात आणि त्यामुळे त्यांचा नेहमीचा उपचार अडत नाही. नव्या औषधांच्या 2019च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर तिच्यावरचे उपचार मोफत, आणि भरपाईचीही तरतूद आहे. येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का, हेही त्याच बैठकीत विचारून घे.

आणि हे मात्र पक्कं लक्षात ठेव: ट्रायलमधलं प्रायोगिक औषध पेशंटला विकत घ्यावं लागत नाही. 'ट्रायल आहे, पाच लाख भरा' असं कुणी म्हटलं की पर्स उचलायची आणि उठायचं. तिथे चहासुद्धा घ्यायचा नाही.

पैशाचं बोलतेच आहे तर पुढचंही ऐक. गावाकडची जमीन विकायचा विषय रात्री अकरा वाजता आई रडत असताना काढायचा नाही. दिवसाढवळ्या, सगळ्यांनी बसून, कागदावर दोन रकाने कर. एकीकडे चालू उपचार, त्याचा खर्च, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा विम्यात काय बसतं. दुसरीकडे नवं औषध, त्याचा पूर्ण कोर्सचा खर्च, एका डोसचा नव्हे, आणि शंभरात किती जणांना किती फायदा. दुसरं मत हवं असेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' नावाच्या ऑनलाइन सेवेतून मागवता येतं, रिपोर्ट अपलोड करायचे. पण या सगळ्या शोधात सुरू असलेला उपचार पुढे ढकलू नकोस. काढे, रस, कुणाच्या पुड्या, काहीही डॉक्टरांना न सांगता द्यायचं नाही. केमोशी त्यांचं जमत नसेल तर त्रास बाबांनाच होईल.

भेटीला जाताना प्रश्न लिहून ने आणि त्या कागदाचा फोनवर फोटो काढून ठेव. किराण्याची यादी ओट्यावर विसरून दुकानात डोकं खाजवत उभ्या राहणाऱ्या बाईचा हा सल्ला आहे, तेव्हा अनुभवाचा समज. डॉक्टर बोलत असताना एकीनं ऐकायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. भावाला त्यासाठी रजा घ्यायला सांग. सगळं तूच करायचं असं कुणी ठरवलंय?

नातेवाइकांचं उत्तरही तयार ठेव: 'मेसेज मिळाला, डॉक्टरांना दाखवते.' एवढंच. प्रत्येकाशी वाद घालू नकोस. ती माणसं प्रेमापोटीच पाठवतात, आणि 'अमक्याचा मेहुणा बरा झाला' ही गोष्ट खरीही असेल. पण त्या मेहुण्याला कुठला कॅन्सर होता, आधी कुठले उपचार झाले होते, आणि तेच घेऊन बरे न झालेले किती जण आहेत, हे त्या गोष्टीत कधीच नसतं.

एक पुरावा मात्र मला कुणी कधी फॉरवर्ड केलेला नाही, तो मी सांगते. 2010 मध्ये बोस्टनमध्ये फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 पेशंटांचे दोन गट पाडले. दोघांनाही नेहमीचा उपचार, एकाला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअरची जोड. म्हणजे दुखणं, धाप, झोप, मनाची घालमेल यांकडे नीट लक्ष. त्या गटाचे दिवस जास्त बरे गेले, नैराश्य कमी होतं, आणि ते सरासरी जवळजवळ पावणेतीन महिने जास्त जगले. पॅलिएटिव्ह म्हटलं की आपण 'आता संपलं' समजून घाबरतो. तसं काही नाही. बाबांचा आजार कुठल्याही टप्प्यावर असो, त्यांचं दुखणं कोण बघणार हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेव.

आणि हो, बाबांना विचारलंस का? सगळं घर औषध शोधतंय, आणि त्यांना काय हवंय ते त्यांनाच कुणी विचारत नाही. कदाचित ते म्हणतील, 'सगळं करून बघू.' कदाचित म्हणतील, 'मला मुंबईच्या फेऱ्या नकोत.' दोन्ही उत्तरं त्यांचीच, आणि दोन्ही मानायची. समजावून सांगायचं काम तुझं, ठरवायचं त्यांचं.

तेव्हा बघ, आता एवढंच कर. उद्या सकाळी लॅबला फोन लाव, ब्लॉक त्यांच्याकडे आहे का विचार, आणि डॉक्टरांना एमएमआरबद्दल विचारायची वेळ घे. पुरावा बाबांसारख्या माणसांवरचा असेल तर हो म्हणायला घाबरू नकोस. नसेल, तर नाही म्हटल्याबद्दल स्वतःला आयुष्यभर दोष देऊ नकोस. आणि आज रात्री वेळेवर जेव. उपाशी पोटी कुणाचेच रिपोर्ट कळत नाहीत.